फ्रेंच उच्चारांसाठी ‘विक्स्योनेर’ : विनामूल्य कोश, पण लिपी शिकण्याची तयारी हवी

फ्रेंच उच्चार शिकवणारी सशुल्क अॅप्स पुष्कळ आहेत. तरीही शब्द बोलताना नेमका कुठे तुटतो हे पाहायचे असेल, तेव्हा मी मार्च २००४ पासून स्वयंसेवकांनी वाढवत नेलेला ‘विक्स्योनेर’ हा ऑनलाइन फ्रेंच कोशच आधी उघडतो.

यात शब्दापुढे आंतरराष्ट्रीय ध्वनिलिपीत (ध्वनी दाखवणाऱ्या चिन्हांच्या लिपीत) उच्चार दिलेला असतो आणि दोन सिलॅबलच्या (एका दमात उच्चारल्या जाणाऱ्या तुकड्यांच्या) मध्ये टिंब असते. शनिवारला ‘सामदी’ म्हणतात. लिहिताना या शब्दाचे तीन तुकडे (sa-me-di) पडतात. कोशात मात्र ‘साम.दी’ असे एकच टिंब दिसते, कारण मधला ‘ए’ बोलताना गळतो. शुक्रवारच्या ‘वाँ.द्र.दी’मध्ये तोच स्वर टिकतो, कारण तो गाळला तर तीन व्यंजने एकमेकांवर आदळतील.

मराठी माणसाची खरी कसोटी ‘पात्रों’ (मालक) अशा शब्दांत लागते. ‘पत्र’ म्हणताना आपण ‘त’चा आघात मागच्या ‘प’वर घेतो, म्हणूनच आपल्या वृत्तांत जोडाक्षरापूर्वीचे अक्षर गुरू धरले जाते. फ्रेंचमध्ये ‘त्र’ अख्खाच पुढे जातो आणि ‘पा’ मोकळा राहतो, उलट ‘पार्.ले’ (बोलणे) मध्ये ‘र्’ मागे थांबतो. हे दोन शब्द शेजारी ठेवून पाहिले, तर नियम निराळा पाठ करावा लागत नाही.

अनेक नोंदींना ‘लिंग्वा लिब्र’ या शब्दोच्चार ध्वनिमुद्रित करणाऱ्या प्रकल्पातील ध्वनिमुद्रणे जोडलेली आहेत आणि बोलणारा ल्यों, तुलूझ की आणखी कुठला, हेही लिहिलेले असते. ही माहिती वाचूनच ऐकावे, कारण दक्षिण फ्रान्समध्ये शब्दान्तीचा ‘ए’ बहुधा उच्चारला जातो.

मर्यादाही आहेत. ध्वनिमुद्रणे बहुतांशी सुट्या शब्दांची असल्यामुळे वाक्यातली जोडणी, म्हणजे एका शब्दाचे एरवी मूक असलेले शेवटचे व्यंजन पुढच्या शब्दाच्या स्वराला जोडून उच्चारणे, कानावर पडत नाही. ‘आमी’ (मित्र) ऐकून ‘ले झामी’ (les amis, अनेक मित्र) कळणार नाही. ‘एरो’ (héros, नायक) या शब्दातला मूक ‘एच’ जोडणी रोखतो एवढी खूण मात्र कोश देतो, आणि ती मोलाची आहे, कारण ‘ले झेरो’ म्हटले की नायकांची शून्ये होतात!

ध्वनिलिपी न येणाऱ्याला ही टिंबे निरुपयोगी आहेत. ती लिपी तयार करणारी संस्था १८८६ मध्ये पॅरिसमध्ये भाषाशिक्षकांनीच स्थापन केली होती आणि फ्रेंचपुरती तिची चिन्हे जेमतेम तीन डझन आहेत. तेवढी शिकायची तयारी नसेल, तर शिक्षक गाठावा.