250 मिलीचं सेपरेटिंग फनेल: तोटी टेफ्लॉनचीच हवी

गवती चहाचं तेल काढल्यावर गढूळ दिसतं, ते त्यात अडकलेल्या पाण्यामुळे. त्यावर बोरोसिलिकेट काचेचं हे फनेल (तेल आणि पाणी वेगळं करणारं, खाली तोटी असलेलं भांडं) फारच उपयोगी. काचेच्या तोटीला ग्रीस लागतं, तेल ते विरघळवतं आणि शुद्ध करता करता नवी घाण मिसळते. टेफ्लॉनला ती भानगड नाही. फक्त तोटीचा नट करकचून आवळू नका, टेफ्लॉन दबून गळती लागते.

तेल फनेलमध्ये ओतून तासभर स्थिर ठेवा, वरचं बूच काढा (नाहीतर धार अडते) आणि खालचं पाणी सोडा. लवंगेचं तेल मात्र पाण्याखाली बसतं! उरलेल्या ओलाव्यासाठी 100 मिली तेलाला 3 ग्रॅम निर्जल सोडियम सल्फेट (पाणी शोषून घेणारी पावडर) घाला. गोळे झाले तर आणखी घाला. कण सुटे फिरू लागले की गाळा.