लखलखीत वेब्ली आणि माझे गेलेले पंच्याहत्तर हजार

जुनं रिव्हॉल्व्हर घ्यायच्या विचारात असणाऱ्यांसाठी लिहितोय, खास करून आपल्या द्राक्षवाल्यांसाठी, कारण सीझनला रोकड नेआण करावी लागते म्हणून लायसन काढणारे नाशकात भरपूर आहेत आणि जुन्या हत्यारांच्या एजंट लोकांना ते बरोबर ठाऊक आहे. लायसन हातात पडलं की फोन सुरू. नंबर कुठून मिळतो देव जाणे.

मला आलेल्या फोनवरचं पुराण असं: "भाऊ, पॉइंट बत्तीसची वेब्ली अँड स्कॉट, इंग्लंडची, सरदार घराण्यातली, नुसती कपाटात ठेवलेली, साडेचार लाख पण तुमच्यासाठी चार." पॉइंट बत्तीस म्हणजे नळीचं माप, इंचात. आता हा भाव कुठून येतो ते आधी समजून घ्या. ऐंशीच्या दशकात सामान्य माणसासाठी बाहेरून हत्यार आणणं बंद झालं, तेव्हापासून देशात जे विलायती आहे तेच हातोहात फिरतंय, म्हणून त्याला सोन्याचा भाव. कानपूरचं सरकारी फॅक्टरीचं पॉइंट बत्तीस हे त्याच वेब्लीच्या डिझाइनवर बनलेलं, सहा गोळ्यांचं, वरून मोडून उघडणारं. कानपूरचंच हलकं 'निर्भीक' रिव्हॉल्व्हर २०१४ ला आलं तेव्हा सव्वा लाखाच्या आत होतं आणि लोक महाग म्हणून ओरडत होते. म्हणजे चार लाखातला मोठा हिस्सा फक्त नावाचा. नाव खरं आणि माल चांगला असेल तर द्या की, हौसेला मोल नाही, पण माल बघून.

घाई करायला एजंटकडे कायदा तयार होता. मालकाकडे तीन हत्यारं, आता दोनच ठेवता येतात, तिसरं दुकानात जमा आहे, लवकर नाही घेतलं तर सरकारजमा होईल. ऐकायला एकदम पटतं, कारण २०१९ च्या दुरुस्तीत तीनाची दोन झाली हे खरंच आहे. पण जास्तीचं जमा करायला मुदत एक वर्षाची होती, ती डिसेंबर २०२० मध्येच संपली. मला हा फोन गेल्या वर्षी आला, मग इतकी वर्षं नाही झालं ते नेमकं याच आठवड्यात सरकारजमा होणार होतं का? असो. बोलता बोलता सौदा साडेतीनवर आला आणि पंच्याहत्तर हजार टोकन गेलं, पावतीवर बारीक अक्षरात 'टोकन परत मिळणार नाही'.

हत्यार बघायला दुकानात गेलो तेव्हा ओळखीच्या एका काकांना बरोबर नेलं होतं, फौजेत आर्मरर, म्हणजे हत्यारं दुरुस्त करणारे होते, आता देवळाली कॅम्पला राहतात. रिव्हॉल्व्हर निकेल केलेलं, आरशासारखं लखलखीत, मी तर बघतच राहिलो. काकांनी आधी उघडून रिकामं आहे ना ते बघितलं, मग म्हणाले, "अरे, हे इतकं चमकतंय का?" त्यांनी नखाने अक्षरांवर घासून दाखवलं, कंपनीच्या नावाच्या कडा गोल झालेल्या, अर्धी अक्षरं पुसट. म्हणजे गंजाचे खड्डे होते, ते काढायला दाबून बफ मारला आणि वर निकेल चढवलं. निकेलखालीही तिरक्या उजेडात खड्डे दिसतात, फोटोत नाही दिसत. बिजागरीच्या स्क्रूचं डोकं खरवडलेलं, कोणीतरी साध्या पेचकसाने जोर लावलेला.

मग नंबर. वेब्लीवर नंबर फ्रेमशिवाय (म्हणजे मुख्य सांगाड्याशिवाय) बॅरल, म्हणजे नळी, आणि सिलिंडर, म्हणजे गोळ्यांचं फिरतं चाक, यांच्यावरही असतो, तिन्ही जुळले पाहिजेत. इथे सिलिंडरचा वेगळाच, म्हणजे दोन हत्यारांचं मिळून एक केलेलं, आणि फ्रेमवरचे शेवटचे आकडे बफमध्ये इतके गेलेले की तीन आहे की आठ ते कळेना. ही नुसती भावाची गोष्ट नाही बरं का. आर्म्स ॲक्टच्या कलम ८ मध्ये असं आहे की नंबर खोडलेलं हत्यार ज्याच्याकडे सापडेल त्यानेच तो खोडला असं धरलं जातं, उलटं सिद्ध करायची जबाबदारी त्याची. साडेतीन लाख देऊन वर कोर्टाच्या चकरा!

चालीचं तर बोलूच नका. काकांनी घोडा (गोळीवर आपटतो तो मागचा भाग) अंगठ्याने अगदी सावकाश मागे ओढला, एकेक करत गोळ्यांची सहाही घरं तपासली. घोडा पूर्ण मागे जाईपर्यंत सिलिंडर खट्कन लॉक व्हायला पाहिजे, पण दोन घरांवर तो लॉक न होता बोटाने पुढे सरकत होता. असं असलं की गोळी नळीच्या तोंडाशी सरळ जात नाही, कडेला घासते आणि शिशाचे कण बाजूला उडतात, शेजारी उभं असणाऱ्याच्या डोळ्याला धोका. बिजागरीतही खेळ होता, मूठ आणि नळी धरून हलवलं की कट् कट् वाजायचं. नळीत जाड ग्रीस भरलेलं, ते पुसून टॉर्च मारला तर आतले आटे, म्हणजे गोळीला फिरकी देणाऱ्या खाचा, झिजलेले. काकांचा भाव एका वाक्यात, "फुकट दिलं तरी गोळी घालू नको यात."

मी नाही म्हटलं. एजंट म्हणे जुना माल असाच असतो, पावती वाचा. दुकानदार म्हणे आम्ही फक्त जमा ठेवतो. मालक शेवटपर्यंत दिसलाच नाही. इथेच शंका यायला हवी, कारण खाजगी मालक विकतो तेव्हा त्याने स्वतः लेखी कळवायचं असतं, जिल्हा दंडाधिकाऱ्याला किंवा जवळच्या पोलीस स्टेशनला, आणि त्यानंतर ४५ दिवस थांबल्याशिवाय हत्यार देता येत नाही. त्या कळवल्याची पोच मागितली तर एजंटने विषय बदलला. ती पोच आणि मालकाचं लायसन डोळ्यांनी बघितल्याशिवाय एक रुपया सोडू नका, मग समोरचा कितीही घाई करू दे. टोकनची तक्रार दिलीय, बघू.

परवा दिंडोरीकडच्या एका मित्राला व्हॉट्सॲपवर तेच रिव्हॉल्व्हर आलं, आता भाव पावणेपाच लाख आणि घराणंही बदललंय. फोटो पाच-सहा आहेत, सगळे एकाच बाजूचे. तुम्हाला आले तर बिजागरीच्या स्क्रूच्या बाजूचा फोटो मागा, आणि सिलिंडरवरच्या नंबरचा. मित्राने मागितले, तेव्हापासून त्याचा फोन उचलत नाहीत.