मोल्ड लिंकर: १६ जीबीच्या लॅपटॉपवर दोन महिने वापरून बघितला

एप्रिलमधलं सोलापूर, पत्र्याखालची खोली, आणि लॅपटॉपवर एलएलव्हीएमचं (कंपाईलर बनवायचा मोठा ओपन सोर्स प्रकल्प) डिबग बिल्ड, म्हणजे चुका शोधायची माहिती आत ठेवलेलं, लावलेलं. कंपाईल सगळं नीट व्हायचं ओ, पण शेवटी लिंकिंगला, म्हणजे कंपाईल झालेले तुकडे जोडून एक प्रोग्राम करायला, आलं की आधी माउस अडकायचा, मग स्क्रीन थिजायची आणि मग ते ठरलेलं, ‘एलडी टर्मिनेटेड विथ सिग्नल ९, किल्ड’, म्हणजे रॅम संपली म्हणून सिस्टिमनं एलडी हा नेहमीचा लिंकरच मारून टाकला. दोन तास गेले पाण्यात.

मित्र म्हणाला त्याच्या जागी मोल्ड लिंकर टाक बे, एलएलडी या एलएलव्हीएमच्या लिंकरचं ईएलएफवालं (लिनक्सच्या प्रोग्राम फाईलींचं) काम ज्यानं केलं त्याच रुई उएयामानं लिहिलाय. उबुंटूत एपीटीनं एका मिनिटात बसतो. स्पीडबद्दल बोलायचं तर नादच नाही, त्यांच्याच आकड्यात क्लँग १९ हा कंपाईलर लिंक करायला जुन्या जीएनयू एलडीला ४२ सेकंद, एलएलडीला ५.२ आणि मोल्डला १.३५, अर्थात ते १६ कोरच्या मशीनवर, माझ्या डब्यावर तेवढं नाही पण एक ओळ बदलून परत लिंक करताना आता चहा ठेवायला उठता येत नाही एवढं खरं.

पण पहिल्याच दिवशी बिल्ड परत मेलं! मी तर दोन स्टार द्यायच्या तयारीत होतो. मित्राला फोन केला तर हसायलाच लागला, ‘एका तव्यावर दहा भाकऱ्या टाकतोस आणि तव्याला शिव्या देतोस व्हय?’ बरोबर होतं त्याचं. माझे आठ थ्रेड, निंजा (बिल्ड चालवणारं टूल) आपणहून दोन जास्त धरतो, म्हणजे एका वेळी दहा लिंक सुरू, प्रत्येक डिबग माहितीचं गाठोडं रॅममध्ये घेऊन बसलेली. मोल्ड_जॉब्स=१ असं एनव्हायर्नमेंटमध्ये टाकलं की एका वेळी एकच मोल्ड पळतो, बाकीचे रांगेत थांबतात. वेळ वाढत नाही म्हटलं तरी चालेल, कारण तो एकटाच सगळे कोर वापरतो. सोबत स्प्लिट ड्वार्फ चालू केलं, त्यात बरीचशी डिबग माहिती वेगळ्या डीडब्ल्यूओ फाईलीत राहते, लिंकरला ती उचलावीच लागत नाही. आणि टार्गेट फक्त एक्स८६ ठेवलं, नाहीतर उगाच सगळ्या प्रोसेसरांचं कोड बनवत बसतो. तेव्हापासून एकदाही किल्ड नाही.

मोल्ड न टाकता पण मेमरीचं भागतं बरं का, सीमेक या बिल्ड जुळवायच्या टूलमध्ये एलएलव्हीएमचं पॅरलल लिंक जॉब्सवालं सेटिंग १ करा, जुन्या एलडीवर पण चालतं, फक्त मग जेवून या.

अर्धा स्टार कापला कारण एलटीओ (लिंक करताना सगळ्या प्रोग्रामचं ऑप्टिमायझेशन) लावलं की मोल्डचा फायदा जाणवतच नाही, तिथं वेळ कंपाईलरच खातो. लायसन्सची भीती होती ती २०२३ ला २.० पासून एमआयटी हे मोकळं लायसन्स झाल्यावर गेली. आणि ऑफिसच्या सर्व्हरवर अजून जीसीसी कंपाईलर ११, त्याला फ्यूज-एलडी=मोल्ड हा लिंकर निवडायचा पर्याय कळतच नाही, १२ पासून कळतं. तिथं डॅश-बी या पर्यायानं मोल्डचं फोल्डर दाखवून काम काढतोय, जीसीसी अपडेट करा म्हणून मेल टाकलाय तो दिवाळीपासून तसाच पडलाय.