घरपोच नर्सिंग सेवा : नाशिकमधील चार महिन्यांचा अनुभव

गेल्या नोव्हेंबरमध्ये माझ्या यजमानांना पक्षाघाताचा झटका आला आणि त्यांची उजवी बाजू व वाचा दोन्ही गेली. अठरा दिवसांनी रुग्णालयातून सुटी मिळाली, तेव्हा नाकातून जठरात अन्न पोहोचवणारी रायल्स ट्यूब, लघवीची नळी आणि इन्सुलिनचे वेळापत्रक सोबत घेऊन आम्ही इंदिरानगरच्या घरी परतलो. मी स्वतः एका सरकारी रुग्णालयात एकतीस वर्षे परिचारिका म्हणून काम करून निवृत्त झाले आहे, त्यामुळे सगळे मीच करीन, असे मुलाला ठामपणे सांगितले होते. तिसऱ्या रात्री कंबर धरली. पंचाहत्तर किलो वजनाच्या माणसाला दर दोन तासांनी एकटीने कुशीवर वळवणे वयाच्या पासष्टाव्या वर्षी शक्य नाही, हे मान्य करून आम्ही रात्रीची नर्स शोधू लागलो.

नाशिकमध्ये अशी सेवा पुरवणाऱ्या संस्था पुष्कळ आहेत. आम्ही दोन संस्थांचा अनुभव घेतला. दोघींचीही नावे येथे देत नाही, कारण ज्या तक्रारी होत्या त्या मी संबंधितांना लेखी कळवल्या आहेत आणि वाचकांना नावापेक्षा पारख अधिक उपयोगी पडेल, असे मला वाटते.

पहिल्या संस्थेकडे आम्ही नर्स मागितली आणि नर्सचेच दर ठरवले. संध्याकाळी पांढरा कोट घातलेली एक मुलगी आली. तिने लघवीची पिशवी पलंगाच्या उशाकडील दांडीला, म्हणजे मूत्राशयाच्या पातळीच्या वर अडकवली आणि यजमान सपाट झोपलेले असतानाच नळीतून दूध सोडायची तयारी केली. मी तिचा हात धरला. पिशवी वर राहिली तर लघवी उलटी आत जाऊन जंतुसंसर्ग होतो आणि उशाकडची बाजू निदान तीस ते पंचेचाळीस अंश उचललेली नसेल तर पोटातले दूध वर येऊन फुप्फुसात उतरू शकते, या गोष्टी तिला कोणी शिकवल्याच नव्हत्या. विचारल्यावर तिने खरे ते सांगितले की, तिने सहा महिने एका आजीबाईंकडे सोबतीचे काम केले होते, एवढाच तिचा अनुभव. माझा राग तिच्यावर नव्हता. तिला कोट चढवून माझ्या घरी पाठवणाऱ्यांवर होता.

दुसऱ्या संस्थेने फोनवरच माझी परीक्षा घेतली, ही मला आवडलेली पहिली गोष्ट. रुग्णाचे वजन किती, नळ्या कोणत्या व केव्हा बदलल्या, कुठे जखम आहे का, कोणती बाजू गेली आहे, साखर किती वेळा तपासतात, असे सगळे त्यांनी विचारले आणि मग येणाऱ्या सिस्टरच्या महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलच्या नोंदणीची प्रत पाठवली. ही नोंदणी दर पाच वर्षांनी नूतनीकृत करावी लागते, म्हणून प्रत मागताना तिच्यावरील मुदतही पाहावी. एएनएमचे (साहाय्यक परिचारिका व प्रसाविका) शिक्षण दोन वर्षांचे, जीएनएमचे (सर्वसाधारण परिचारिका व प्रसाविका) तीन वर्षांचे आणि बीएस्सी नर्सिंगचे चार वर्षांचे असते. सोबतीला येणाऱ्या मावशी किंवा केअरटेकर यांपैकी कोणीही नसतात. मावशींचे काम कमी मोलाचे आहे असे मी म्हणणार नाही, कारण अंग पुसणे, भरवणे, धीर देणे हे त्या फार मायेने करतात, परंतु नळी आणि इंजेक्शन त्यांच्या हाती देऊ नये. राज्यातील नर्सिंगच्या पदव्या देणारे आरोग्य विज्ञान विद्यापीठ आपल्या नाशिकच्या म्हसरूळला आहे. त्याच शहरात कोणीही कोट घालून नर्स म्हणवून घेते, याचे मला मनापासून दुःख होते.

आमच्याकडे आलेली सिस्टर जीएनएम झालेली, मूळची कळवण तालुक्यातली, पंचवटीत दोन मैत्रिणींबरोबर खोली घेऊन राहणारी. रात्री आठ ते सकाळी आठ अशी तिची ड्युटी होती आणि ती सिटीलिंकच्या बसने येत असे. पहिल्या संध्याकाळी तिने हात धुतले, तळवे एकमेकांवर चोळून गरम केले, कारण डिसेंबरची थंडी होती, आणि मग यजमानांचे पायमोजे काढून टाचा पाहिल्या. नंतर माकडहाड, खांदे, कानांच्या मागची बाजू. उजव्या टाचेवर रुपयाएवढा लालसर डाग होता. तिने त्यावर बोट दाबले, तीनपर्यंत आकडे मोजले, बोट उचलले आणि वाकून पाहिले. दाबल्यावर कातडी पांढरी पडून पुन्हा लाल झाली तर रक्तप्रवाह चालू आहे असे समजायचे. लालच राहिली तर बेडसोअरची, म्हणजे अंथरुणाच्या दाबाने होणाऱ्या जखमेची, सुरुवात झाली असे धरायचे. डाग लालच राहिला. तिने पोटरीखाली उशी सरकवून टाच गादीपासून पूर्ण अधांतरी केली आणि मला म्हणाली, “काकू, उद्या सकाळी तुम्हीही दाबून बघा, म्हणजे आपल्या दोघींचं बघणं एकच राहील.” मी तीन रात्री त्या माणसाजवळ बसले होते आणि मायेपोटी त्यांना चढवलेले पायमोजे काढून पाहिले नव्हते. बायको म्हणून मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत होते, ती टाचेकडे पाहत होती.

तिच्या कामाचा सर्वांत मोलाचा भाग म्हणजे शंभर पानी नोंदवही. किती वाजता कोणत्या कुशीवर वळवले, नळीतून किती मिलिलिटर गेले, नंतर किती पाण्याने नळी धुतली, लघवी किती व कोणत्या रंगाची, साखर किती, हे सगळे तीत वेळेसह लिहिलेले असे. रुग्णालयात आम्ही ड्युटी बदलताना एकमेकींना तोंडी आणि लेखी हँडओव्हर देतो. घरी हँडओव्हर घ्यायला कोणी नसते, म्हणून ती वहीला देत असे. संस्थेने तिच्या साप्ताहिक सुटीच्या दिवशी एका महिन्यात तीन वेगवेगळ्या बदली सिस्टर पाठवल्या, ही माझी एक तक्रार आहे, परंतु त्या वहीमुळे टाचेचा डाग कोणाच्याही नजरेतून सुटला नाही. अकराव्या दिवशी तो पूर्ण गेला.

घरच्या नर्सिंगमधली खरी अडचण एका रात्री उघडी पडली. अडीच वाजता यजमानांनी डाव्या हाताने रायल्स ट्यूब उपसून काढली. वॉर्डात मी रात्री दोन सिस्टरांत चाळीस रुग्ण सांभाळले आहेत, तरी हाक मारली की निवासी डॉक्टर येत असत. या मुलीजवळ रुग्ण एकच होता, पण हाक मारायला कोणी नव्हते. तिने त्यांना टेकवून बसवले, नाक व घसा पाहिला, काही गिळायला द्यायचे नाही असे मला बजावले आणि संस्थेचा तातडीचा क्रमांक लावला. तो चाळीस मिनिटे कोणी उचलला नाही. नळी स्वतःच पुन्हा घालण्याचा मोह तिला झाला असता तर मी समजू शकले असते, कारण ते कौशल्य तिच्याकडे होते. परंतु नळी जठरातच गेली आहे याची खात्री करायची पुरेशी सोय घरी नाही, असे ती म्हणाली आणि थांबली. पोटात अन्न जाणार नसेल तर सकाळचे इन्सुलिन नेहमीच्या मात्रेत देणे धोक्याचे, हेही तिने वहीत लाल शाईने लिहून ठेवले, दर दोन तासांनी साखर तपासली आणि सात वाजता आमच्या डॉक्टरांना फोन लावून दिला. त्या रात्री तिने केलेले सर्वांत कठीण काम म्हणजे नळी न घालणे. संस्थेने दुसऱ्या दिवशी दिलगिरी व्यक्त केली, पण फोन का उचलला गेला नाही याचे उत्तर आजतागायत मिळालेले नाही.

दराविषयीही स्पष्ट लिहायला हवे. आम्ही एका रात्रीचे 1,300 रुपये देत होतो आणि त्यांतले 800 सिस्टरच्या हाती पडत. संस्थेला खर्च असतो हे मान्य, परंतु तातडीचा फोन उचलला जात नसेल तर उरलेले 500 कशाचे, हा प्रश्न मी त्यांच्या व्यवस्थापकांना विचारला आहे. घरच्या मंडळींनाही सांगणे आहे. आमच्याकडे आलेल्या एका नातेवाईक बाईंनी तिला पाहुण्यांसाठी चहा टाकायला सांगितले. ती उठलीसुद्धा. मी तिला खाली बसवले आणि चहा मी केला, त्यात तिचाही कप होता. सिस्टरला जेवायला जागा, हात धुवायला साबण आणि पहाटे अर्धा तास पाठ टेकायला खुर्ची, एवढे देणे घरच्यांच्या हातात असते.

फेब्रुवारीत स्पीच थेरपिस्टने गिळणे तपासून तोंडाने थोडे दाट अन्न देऊन पाहायला परवानगी दिली. ताज्या घट्ट दह्याचा अर्धा चमचा सिस्टरने यजमानांच्या तोंडात डाव्या, म्हणजे चांगल्या बाजूला ठेवला, हनुवटी छातीकडे झुकवली आणि दोन बोटे हलकेच गळ्यावर ठेवली. कंठमणी वर सरकला आणि खाली आला. ती काही बोलली नाही. त्यांना “आ” म्हणायला लावून आवाज घरघरतो का ते ऐकले, मग स्टूल ओढून वीस मिनिटे त्यांच्याकडे पाहत बसली. त्या दिवशीच्या पानावर तिने लिहिले आहे : “8.40. दही अर्धा चमचा. गिळले. खोकला नाही. आवाज स्वच्छ.” पुढे तिने एक छोटी फुली मारली आहे, जी वहीत दुसरीकडे कुठेही नाही. नोकरीत मला अशा फुल्या मारायला वेळ मिळत नसे, तरी फुली मारावी असा प्रत्येक क्षण लक्षात आहे.

मार्चअखेर आम्ही रात्रीची सेवा थांबवली. यजमान आता मऊ भात स्वतः डाव्या हाताने खातात. अनामत रक्कम परत मिळायला एकोणीस दिवस आणि तीन फोन लागले. सिस्टर सध्या नाशिकरोडला दुसऱ्या रुग्णाकडे आहे आणि तीच पुन्हा मिळेल, अशी हमी संस्था देत नाही. तरीही गरज पडली तर मी याच संस्थेकडे जाईन, कारण त्यांनी खरी नर्स पाठवली. मात्र करारावर सही करण्याआधी एका रात्री अडीच वाजता त्यांचा तातडीचा क्रमांक स्वतः लावून पाहीन.