‘वनवर्ल्ड एक्सप्लोरर’ तिकीट: टप्प्यांचा हिशेब

अनेक खंडांचा प्रवास एकट्याने आखताना ‘वनवर्ल्ड’ या विमानकंपन्यांच्या गटाचे हे जगप्रदक्षिणेचे तिकीट मला सोयीचे वाटले, कारण त्याचे भाडे अंतरावर नव्हे, तर खंडांच्या संख्येवर ठरते आणि वर्षभराच्या मुदतीत १६ टप्पे (एक उड्डाण म्हणजे एक टप्पा) मिळतात. मात्र केपटाउनला उतरून जोहान्सबर्गहून पुढचे विमान धरले, तर मधला रेल्वेप्रवासही, पदरच्या पैशाने केलेला असूनही, एक टप्पा धरला जातो. त्यापायी वहीतला मार्ग मला तीनदा खोडावा लागला. खरी मेख व्हिसाची आहे. शेंगेनचा, म्हणजे युरोपातील बहुतेक देशांच्या सामाईक व्हिसाचा, अर्ज प्रवासाच्या ६ महिन्यांहून आधी करता येत नाही आणि तो सहसा स्वतःच्या राहत्या देशातूनच करावा लागतो, त्यामुळे भारतीय पासपोर्टवर युरोप शेवटी ठेवणे अवघड जाते. म्हणून मुंबईहून पश्चिमेकडे निघून युरोप आधी उरकण्याचे मी ठरवले. लंडनचा व्हिसा वेगळा, हे ओघाने आलेच.