टाचेवरून काढलेलं व्हिटॅमिन डी

सोसायटीच्या हॉलबाहेर ‘मोफत हाडांची तपासणी’चा बॅनर लागला, तेव्हा आईला मीच खाली घेऊन गेलो. टाच मशीनमध्ये ठेवली, मिनिटभरात कागद बाहेर. पांढऱ्या कोटातला पोरगा म्हणाला, “काकू, हाडं पोकळ होत चाललीत. व्हिटॅमिन डी पार तळाला गेलंय.”

ते मशीन ध्वनिलहरींवरून टाचेच्या हाडाचा फक्त अंदाज देतं. डी किती आहे ते रक्त काढल्याशिवाय कळत नाही, त्यासाठी ‘२५ हायड्रॉक्सी’ची तपासणी असते. हे आता सांगतोय. तेव्हा मीही मोजा काढून टाच पुढे केली होती.

डीच्या आठ इंजेक्शनांचं पॅकेज, १२,००० रुपये, दर सोमवारी घरी येऊन देणार. आईचे गुडघे दुखायचे; मी तिथल्या तिथे पैसे भरले, पावतीसुद्धा मागितली नाही.

पाचव्या सोमवारनंतर आईला सारखी तहान लागायला लागली. रात्री चार-चारदा उठायची, पोट साफ होईना, जेवणावरून मन उडालं. आम्ही म्हटलं, उन्हाळा आहे. पोरगा म्हणाला, “औषध लागू पडतंय.” सहाव्या सुईनंतर ती मलाच मामाच्या नावानं हाक मारायला लागली.

हॉस्पिटलात कॅल्शियम १३.४ निघालं, ते साधारण साडेदहाच्या आत हवं. डॉक्टरांनी विचारलं, “डीची इंजेक्शनं घेतलीत का?” शेवटची रिकामी कुपी घरी कचऱ्यात सापडली: ६ लाख युनिट. दुधातून घेतो ते डीच्या पावडरचं पाकीट ६०,००० युनिटचं असतं, आठवड्याला एक, बहुतेकदा आठ आठवडे. म्हणजे एका सुईत दहा पाकिटं, आणि आईच्या अंगात सहा आठवड्यांत साठ. रक्तातलं डी २० च्या खाली गेलं तर कमतरता धरतात. आईचं १५० च्याही पुढे. मुळात ते कमी होतं का, हे आता कधीच कळायचं नाही.

डी चरबीत साठून राहतं. सलाइननं कॅल्शियम उतरवलं, तरी पुढे कित्येक आठवडे रक्त तपासत राहावं लागलं. दारात कुणी सुई घेऊन आलं तर आधी रक्ताचा रिपोर्ट मागा, कुपीवरच्या आकड्याचा फोटो काढा, आणि आपल्या नेहमीच्या डॉक्टरांना दाखवा.

आई ॲडमिट असतानाच तिच्या फोनवर त्या पोराचा कॉल आला. “काकू घरी आहेत ना? सातवं राहिलंय.”