टचस्क्रीन पॅनेलची व्हीएमसी: सहा-सात महिने चालवल्यानंतर

व्हीएमसी म्हणजे प्रोग्रॅमवर चालणारं, धातू कापून आकार देणारं उभ्या स्पिंडलचं मशीन. त्याच्या अचूकतेबद्दल तक्रार नाही. साइज धरते, फिनिशही छान येतं. लिहायचंय ते पॅनेलबद्दल, कारण डेमोत सगळे भुलले ते त्यालाच.

जुन्या मशीनला फीड ओव्हरराइडचा, म्हणजे टूल सरकण्याचा वेग कमी-जास्त करायचा, गोल नॉब होता. नवा प्रोग्रॅम लावून पहिला जॉब (कापायचा तुकडा) घेताना डोळे टूलच्या टोकावर आणि हात नॉबवर. टूल जॉबजवळ आलं की न बघता दोन-तीन खटके मागे घ्यायचे, शंका आली तर थेट शून्यावर. इथे त्या जागी काचेवर अधिक-उणेची बटणं आहेत. बोट बरोबर पडलं का ते बघायला मान वळवावी लागते, आणि नेमकी तेव्हाच ती वळवायची नसते. त्यात हाताला कूलंट (कापताना सोडतात तो थंड करणारा द्रव) असेल तर स्क्रीन लहर लागली तर ऐकते. दुसऱ्या महायुद्धात बी-१७ विमान उतरवल्यावर वैमानिक फ्लॅपऐवजी (पंखांच्या मागच्या झडपांऐवजी) चाकंच वर घ्यायचे. दोन्ही स्विच शेजारी-शेजारी आणि दिसायला सारखे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्फॉन्स चॅपॅनिस यांनी एकाला चाकासारखी, दुसऱ्याला पाचरीसारखी मूठ सुचवली, म्हणजे हातालाच फरक कळावा. आमच्या पॅनेलवर बोटाला कळण्यासारखं काही ठेवलेलंच नाही.

बझरचं तर विचारूच नका. ल्युब ऑइल कमी, दार उघडं, टूल लाइफ संपली, सर्व्हो अलार्म (मशीन हलवणाऱ्या मोटरचा बिघाड), सगळ्याला तोच किरकिरा आवाज. दुसऱ्याच आठवड्यात कुणीतरी त्याच्या तोंडावर टेप चिकटवली. काढायला लावली, पण चिकटवणाऱ्याला बोलवेना. शिवाय कारखान्याच्या गोंगाटाने कान जातात ते आधी ४००० हर्ट्झच्या आसपासच्या, उंच पट्टीच्या आवाजांना, त्यामुळे आमच्या सगळ्यात अनुभवी ऑपरेटरला हा बझर जेमतेम ऐकू येतो. ते टॉवर लॅम्पवर (मशीनवरच्या रंगीत दिव्यांवर) नजर ठेवून काम करतात.

हँडव्हीलच्या पेंडंटवरचा (हातात धरून मशीन हलवायच्या छोट्या रिमोटवरचा) एनेबल स्विच मात्र मनापासून आवडला. अर्धा दाबला तरच अ‍ॅक्सिस (मशीनचा सरकणारा भाग) हलतो; सोडला की थांबतो, करकचून दाबला तरी थांबतो. दचकलेला माणूस एक तर हात सोडतो नाही तर मूठ आवळतो, आणि इथे दोन्हीचा विचार केलाय. इमर्जन्सीचं बटणही नीट आहे: पिवळ्यावर लाल, तळहाताने हाणता येईल असं, आणि फिरवून सोडलं तरी मशीन आपोआप सुरू होत नाही.

घ्यायची असेल तर ऑर्डर देतानाच नॉबचं वेगळं पॅनेल मागा. अलार्मचे आवाज वेगवेगळे ठेवता येतात का, तेही विचारा. आणि डेमोला कूलंट सुरू करायला लावून ओल्या हाताने फीड कमी करून बघा.